व्यावसायिक आरोग्यविषयक विनामूल्य ऑनलाइन संशोधनसाधने : ऊसतोड कामगारांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

व्यावसायिक आरोग्य या विषयाचे वाङ्मय एकेकाळी मुंबईची केंद्रीय श्रम संस्था, अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांची ग्रंथालये यांपुरतेच मर्यादित होते. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, कारखान्याच्या डॉक्टरला अथवा श्रमिकांच्या प्रश्नांवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाला ते पाहावयाचे असल्यास रजा टाकून प्रवास करण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ‘पबमेड’ हा सूचिसंग्रह सर्वांना विनामूल्य खुला केला. २००० मध्ये संपूर्ण निबंध देणारे ‘पबमेड सेंट्रल’ सुरू झाले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा चार खंडांचा व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा विश्वकोशही कालांतराने संकेतस्थळावर आला. त्यामुळे या क्षेत्रातील माहितीच्या उपलब्धतेचा प्रश्न आता सुटला आहे, असे चर्चासत्रांतून सर्रास ऐकू येते.

प्रस्तुत लेखिकेस हे गृहीतक मान्य नाही. या साधनांचे ऋण नाकारण्याचा हेतू नाही. किंबहुना प्रस्तुत लेखातील बहुतेक माहिती त्यांच्याच आधारे मिळालेली आहे. तथापि एखादे साधन विनामूल्य असणे, ते हाती लागणे, आणि आपण ज्या माणसांविषयी विचारतो आहोत ती माणसे त्यात असणे, या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होते, आणि ती ज्यांच्या वाट्याला येते ते लोक चर्चासत्रांना नसतात.

कसोटी

संदर्भसाधनांची परीक्षणे बहुधा त्यांच्या वैशिष्ट्यांची यादी करून थांबतात. येथे निराळी पद्धत अनुसरली आहे. प्रत्येक साधनास एकच प्रश्न विचारला : ऊस तोडण्याच्या कामाने तोडणाऱ्या पुरुषाच्या आणि स्त्रीच्या शरीराचे काय होते?

हा प्रश्न निवडण्यास कारण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व लगतच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. आमच्यासारख्या महाविद्यालयांच्या हजेरीपटावर त्या सुमारास ज्या रिकाम्या जागा दिसू लागतात, त्यांतील काही या स्थलांतराच्या असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्या कोयत्याला मुकादमाकडून ‘उचल’ मिळते आणि हंगामभर ती फेडावयाची असते. पुरुषाने बहुधा तोडावयाचे, स्त्रीने पाचट काढून मोळी बांधावयाची आणि ती डोक्यावरून वाहून फळीवरून गाडीत चढवावयाची. काम टनावर. एखादा दिवस कामास न गेल्यास ‘खाडा’ धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. मुक्काम फडाजवळच्या कोपीत, जेथे पाणी आणि शौचालय यांची शाश्वती नसते. एवढे तपशील ध्यानी घेतल्याशिवाय पुढील विवेचनाचा अर्थ लागणार नाही.

विश्वकोशाची चौकट

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा विश्वकोश हा या विषयातील सर्वांत मोठा विनामूल्य ग्रंथ होय. त्याची पहिली आवृत्ती १९३० च्या दशकातील. सध्या संकेतस्थळावर असलेला पायाभूत मजकूर १९९८ मध्ये जीन मॅगर स्टेलमन यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या चौथ्या आवृत्तीचा आहे. चार खंड, १०५ प्रकरणे. शरीरसंस्था, धोक्यांचे प्रकार, प्रतिबंधाची साधने आणि मग एकेक उद्योग, अशी त्याची बांधणी आहे. शिसे, सिलिका, कापसाची धूळ, आवाज, कंपन, किरणोत्सर्ग यांपैकी कोणत्याही विषयावर नवख्या वाचकाने प्रथम येथेच यावे, असे निःसंकोच म्हणता येईल. लेखन सुबोध आहे आणि श्रमिकांविषयीची आस्था अनेक नोंदींतून जाणवते.

ऊस त्यात आहे. शेतीवर आधारित उद्योगांच्या भागात उसाची लागवड व प्रक्रिया यांवर स्वतंत्र लेख असून हाताने केल्या जाणाऱ्या तोडणीतील जखमा, ऊन, कीटकनाशके आणि वाळलेल्या चोथ्याच्या बुरशीयुक्त धुळीमुळे होणारा फुप्फुसविकार, म्हणजे ‘बॅगासोसिस’, यांची दखल घेतलेली आहे. बॅगासोसिसची शास्त्रीय माहिती पक्की आहे, याचे कारण उघड आहे. चोथा कारखान्याच्या आवारात असतो. तेथील कामगाराचे नाव नोंदवहीत असते, त्याची तपासणी होऊ शकते, त्याच्या छातीची क्ष-किरण प्रतिमा फाइलमध्ये राहते. फडातल्या माणसाची अशी फाइल कोठेच नसते. तो साखर कारखान्याचा कामगार की वाहतूक ठेकेदाराचा की मुकादमाचा, याचाच निकाल लागत नाही, मग त्याच्या मूत्रपिंडाची नोंद ठेवणार कोण?

येथे मूत्रपिंडाचा उल्लेख सहेतुक केला आहे. १९९८ नंतर ऊसतोड कामगारांच्या आरोग्याविषयीचे सर्वांत महत्त्वाचे संशोधन नेमके त्याच अवयवासंबंधी झाले. विश्वकोशाच्या कर्त्यांना त्याची माहिती असणे शक्य नव्हते, हा त्यांचा दोष नव्हे. परंतु आज जो वाचक संकेतस्थळावर तो लेख उघडतो त्यास तो आजचा वाटतो. छापील ग्रंथाचे पिवळे पडलेले पान आपले वय सांगते. पडद्यावरील पान सांगत नाही.

शोध आणि उपलब्धी

पबमेडविषयी प्राध्यापकवर्गास निराळे सांगावयास नको. तेथे गोषवारा मिळतो. संपूर्ण निबंध मिळेलच असे नाही. आपल्याकडे ही अडचण अंशतः दूर करणारी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र शासनाची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. योजना स्तुत्य आहे. मात्र ती संस्थेच्या दारातून मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेला वैद्यकीय अधिकारी त्या दाराच्या बाहेर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हिनारी’ कार्यक्रमातून गरीब देशांना मिळणारी नियतकालिकेही भारताच्या वाट्याला येत नाहीत. त्याच्यासाठी खऱ्या अर्थाने विनामूल्य म्हणजे पबमेड सेंट्रल, भारतीय व्यावसायिक आरोग्य संघटनेचे इंग्रजी नियतकालिक, आणि जपानचे ‘इंडस्ट्रियल हेल्थ’ किंवा ‘स्कँडिनेव्हियन जर्नल ऑफ वर्क, एन्व्हायर्नमेंट अँड हेल्थ’ यांसारखी मुक्त नियतकालिके. यांतील शेवटचे दोन अंक चाळले तरी संशोधनपद्धतीचे शिक्षण होते, हा स्वानुभव आहे.

आंतरराष्ट्रीय रासायनिक सुरक्षा पत्रकांविषयी थोडक्यात. एका रसायनासाठी एक पत्रक, त्यात लक्षणे, प्रथमोपचार, साठवण यांची ठरावीक शब्दांतील माहिती, आणि अनेक भाषांत अनुवाद. अशा कामाचा हा आदर्श नमुना होय. मराठी त्या भाषांत नाही. शेतात तणनाशक फवारणाऱ्यास ते पत्रक देता येत नाही. वाचून दाखवावे लागते, आणि वाचून दाखविणारा प्रत्येक जण आपापला अनुवाद करतो. याउलट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचेच शेतीकामासाठीचे ‘एर्गोनॉमिक चेकपॉइंट्स’ हे २०१२ चे पुस्तक चित्रांवर उभे आहे. ओझे कसे उचलावे, हत्याराची मूठ कशी असावी, सावली व पिण्याचे पाणी कोठे असावे, हे त्यात अक्षरओळख नसलेल्यासही कळते. प्रस्तुत लेखिकेच्या मते फडावर घेऊन जाण्यासारखे विनामूल्य साधन हे एकच आहे, आणि त्याचा उल्लेख अशा संदर्भसूचींतून क्वचितच आढळतो.

विनामूल्य साधन कोणाच्या तरी खर्चाने चालते, याचाही विसर पडू नये. विषारी द्रव्यांविषयीचा ‘टॉक्सनेट’ हा संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने डिसेंबर २०१९ मध्ये बंद केला. त्यातील बरीच माहिती ‘पबकेम’ आदी ठिकाणी हलविली गेली, परंतु आमच्या जुन्या प्रबंधांतील संदर्भ निकामी झाले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेतील बहुसंख्य कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या सूचना देण्यात आल्या. नंतर त्यांतील अनेकांना परत घेतले गेले. उष्णतेत काम करणाऱ्यांसाठी त्या संस्थेने १९७२, १९८६ आणि २०१६ मध्ये काढलेले निकष आपण सारे जण उद्धृत करतो. वॉशिंग्टनमधील एका निर्णयाने बीडच्या संशोधकाचा आधार हलावा, ही अवस्था फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार कशी करावी या संकोचापायी नजरेआड केली जाते.

एल साल्वादोरचा धडा

आता त्या मूत्रपिंडाकडे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या लहानशा देशात एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांच्या लक्षात आले, की मूत्रपिंड निकामी होऊन येणाऱ्या नव्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत मधुमेह वा उच्च रक्तदाब यांसारखे परिचित कारण सापडत नाही. हे रुग्ण प्रामुख्याने पुरुष, शेतमजूर आणि किनारपट्टीच्या सखल, उष्ण भागातील होते. त्रबानिनो व सहकाऱ्यांचा हा निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे निकाराग्वा, कोस्टारिका येथूनही तसेच अहवाल आले. ऊसतोड कामगारांत या आजाराचे प्रमाण विशेष आढळले आणि तीव्र उन्हातील कष्ट व वारंवार होणारे निर्जलीकरण ही त्याची प्रमुख संशयित कारणे म्हणून पुढे आली. ‘पाणी, विश्रांती, सावली’ या त्रिसूत्रीवर आधारित उपाययोजनेचा प्रयोग एल साल्वादोरच्या ऊसमळ्यांतच झाला. विश्रांती दिल्याने तोडणी घटेल ही मालकांची भीती होती. प्रत्यक्षात त्या अभ्यासात दरडोई दैनंदिन तोडणी वाढलेली आढळली. हे सर्व वाङ्मय आज मुक्तपणे वाचता येते.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. २००२ चा तो पहिला निबंध इंग्रजीत नव्हता. तो स्पॅनिश भाषेत, अमेरिका खंडाच्या आरोग्य संघटनेच्या मुक्त नियतकालिकात आला. ज्या भाषेत रुग्ण डॉक्टरशी बोलत होता त्याच भाषेत डॉक्टरने लिहिले, आणि ते लेखन ज्या मुक्त व्यवस्थेत ठेवले गेले ती लॅटिन अमेरिकेने स्वतः उभारली होती. जगाच्या सूचिसंग्रहांनी ते नंतर उचलले. ज्ञान वरून खाली झिरपते अशी आपली समजूत असते. येथे ते फडातून वर गेले.

हे संशोधन जसेच्या तसे आपल्याकडे लावण्याचा मोह मात्र टाळावा लागेल. मध्य अमेरिकेत ऊस बहुधा जाळून तोडतात. आपल्याकडे बहुतांशी हिरवा ऊस पाचट काढून तोडला जातो. आपला हंगाम थंडीत सुरू होतो आणि पहाटेच्या गारठ्यात हात कापलेले रुग्ण येतात. उन्हाचा तडाखा फेब्रुवारीनंतरचा. तेथील अभ्यास मुख्यतः मजुरी करणाऱ्या पुरुषांचे आहेत. येथे कामाचे एकक जोडपे आहे. ‘विश्रांती’ हा शब्द ज्याला खाडा भरावा लागतो त्याच्या कानी कसा पडत असेल, हेही विचारावयास हवे. तेव्हा त्या निबंधांतून उत्तर उचलावयाचे नसून प्रश्न विचारण्याची रीत उचलावयाची आहे.

जे कोणत्याच रकान्यात बसत नाही

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटासाठी देशाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट व पद्धती सारख्या नसल्याने थेट तुलना करू नये, परंतु एवढी तफावत पद्धतीच्या फरकाने भरून निघत नाही.

हा व्यावसायिक आरोग्याचा प्रश्न आहे काय? उपर्युक्त साधनांना विचारावे तर उत्तर मिळत नाही. विश्वकोशात प्रजननसंस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा भर रासायनिक व भौतिक घटकांचा प्रजननक्षमतेवर, गर्भावर आणि स्तन्यावर होणाऱ्या परिणामांवर आहे. बीडच्या स्त्रीच्या गर्भाशयाला कोणत्याही रसायनाने इजा केलेली नाही. पाळीच्या दिवसांत काम थांबले की खाडा, स्वच्छतेची सोय नसल्याने होणारे संसर्ग, गरोदरपणीही डोक्यावर मोळी, उचल फिटेपर्यंत सुटका नाही, आणि या सर्वांवर तोडगा म्हणून शस्त्रक्रिया सुचविणारा खासगी दवाखाना; अशा साखळीतून ती शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते. या साखळीतला ‘धोकादायक घटक’ कोणता? कराराची अट. तिला रासायनिक क्रमांक नाही.

या साधनांचे मूळ वर्गीकरणच घटक, अवयव आणि रोग या क्रमाने केलेले आहे, आणि ते कारखान्याच्या अनुभवातून घडले आहे. आपल्या कायद्याचीही घडण तीच. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचनीय रोगांची संख्या २९. त्यांत शिसे, पारा, सिलिकोसिस, बिसिनोसिस आहेत, विषजन्य मूत्रपिंडदाहही आहे, परंतु उष्णतेचे विकार नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ती यादी मुख्यतः तशीच पुढे चालू ठेवली आहे. पबमेडमध्ये ‘शेतमजुरांचे रोग’ असे अधिकृत विषयशीर्षक आहे. त्याखाली शोध घेणाऱ्यास कीटकनाशके, धूळ आणि यंत्रांचे अपघात भरपूर मिळतात. उचल, खाडा, मुकादम यांना शीर्षक नाही, कारण त्या संकल्पना त्या भाषेत नाहीत. मराठीत आहेत. प्रत्येक ऊसतोड कामगारास त्या ठाऊक आहेत आणि ऊसतोडीवरील मराठी लेखनात, शासकीय अहवालांत, वृत्तपत्रीय लेखमालांत, आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतही त्या विखुरलेल्या आहेत.

मराठी लेखनाची अदृश्यता

मग हे मराठी लेखन विनामूल्य ऑनलाइन साधनांत का दिसत नाही? जाणकार म्हणतील, की ‘शोधगंगा’ आहे. आहे, आणि तिच्याइतका मोठा प्रबंधसंग्रह आपल्यापाशी दुसरा नाही. परंतु मराठी प्रबंधांचे काय होते ते पाहावे. अनेक प्रबंध छायाप्रतीच्या रूपात आहेत. त्यांतील एकही शब्द शोधता येत नाही. जे संगणकावरून थेट उतरविले आहेत त्यांतील पुष्कळसे श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत आहेत. पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची विचित्र जुळणी असते. ‘ऊसतोड’ असे युनिकोडमध्ये लिहून शोध घेतला तर असा प्रबंध सापडणारच नाही. जो लेख विनामूल्य आहे, संकेतस्थळावर आहे, पण कोणत्याही शोधाला ओ देत नाही, त्यास उपलब्ध म्हणावे काय?

आपली महाविद्यालयीन नियतकालिके याला अपवाद नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक मिळविण्यासाठी आपण जेवढी धावपळ करतो तेवढी अंक युनिकोडमध्ये छापण्यासाठी केल्याचे ऐकिवात नाही. मुद्रकाकडे जुना टंक असतो, अंक वेळेत हवा असतो, आणि मूल्यांकनाच्या गुणांना टंकाने फरक पडत नाही. (प्रस्तुत लेख ज्या अंकात छापला जाईल त्याच्या संपादक मंडळाने हे वाक्य ठेवले, तर त्यांचे आभार.) मराठी विश्वकोशाचे खंड आज युनिकोडमध्ये विनामूल्य वाचता येतात, म्हणजे हे काम अशक्य नाही, केवळ कोणी तरी करावे लागते.

स्वानुभव सांगणे येथे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत लेखिकेचा एम.फिल.चा प्रबंध ऊसतोड कुटुंबांच्या स्थलांतरावर होता. त्यात एक प्रकरण आरोग्याचे होते. कंबरदुखी, पाळीच्या तक्रारी, लघवीची जळजळ, कोयत्याचे वार, कोपीत झालेली बाळंतपणे यांच्या नोंदी स्त्रियांच्याच शब्दांत घेतल्या होत्या. ‘लघवीला जळजळ’ ही तक्रार तेव्हा पाण्याच्या टंचाईखाली नोंदवून पुढे गेल्याचे आज खटकते. एल साल्वादोरचे निबंध तेव्हा वाचलेले असते, तर तो रकाना निराळा असता आणि पुढचे चार प्रश्न विचारले गेले असते. २००९ च्या विनियमांनुसार अशा प्रबंधाची संगणकीय प्रत शोधगंगेसाठी देणे आवश्यक होते. तबकडी रीतसर दिली, पोच घेतली. प्रबंध अद्याप तेथे नाही. विद्यापीठात दोनदा चौकशी केली असता, एम.फिल. ही पदवीच २०२२ च्या विनियमांनी बंद झाल्याने जुन्या तबकड्यांचे काम मागे पडले आहे, असे तोंडी उत्तर मिळाले. काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची एक प्रत ग्रंथालयाच्या प्रबंध विभागात आहे. ती घरी नेता येत नाही.

त्या प्रबंधातील आरोग्याचे प्रकरण जुन्या टंकातून युनिकोडमध्ये आणण्याचे काम गेल्या उन्हाळी सुट्टीत हाती घेतले. टंक बदलणाऱ्या आज्ञावलीने जोडाक्षरे बिघडतात, विशेषतः रफार आणि ‘ऱ्य’. त्यामुळे ‘तोडणाऱ्या’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी हाताने दुरुस्त करावा लागतो. तो त्या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. प्रकरण पूर्ण होताच, मुलाखती देणाऱ्या स्त्रियांची नावे व गावे वगळून, ते महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवण्यास प्राचार्यांनी अनुमती दिली आहे.